साठ वॅटच्या पुढची थरथर

सोमवार, ११ मार्च
पुन्हा तेच! साठ वॅटपर्यंत संगणकावरच्या माझ्या गणितातला फायबर लेझर अगदी गुणी बाळ. पुढे गेला की आलेखाची रेघ थरथरायला लागते, उत्तर काही केल्या स्थिर होत नाही. मार्गदर्शक सर म्हणाले, "गणिताचे नखरे आहेत ते, दाबून टाका!" दाबले. गणिताच्या दर फेरीला जुन्या उत्तरात नवं चिमूटभरच मिसळायचं — की रेघ गुळगुळीत. सर खूश. मी नाही.

मंगळवार, १२ मार्च
भीती कसली, ते लिहूनच टाकते. थरथर खरी असेल तर? यटर्बियम धातू मिसळलेल्या त्या केसाएवढ्या काचेच्या तंतूत शक्ती साठत जाईल आणि एका झटक्यात प्रकाश होऊन बाहेर पडेल. तंतू फुटेल. आणि तिथे उभं कोण असणार? आमच्या नणंदबाई! गणित माझं, प्रयोगशाळा त्यांची — एकाच घरातल्या दोघी म्हणून सगळा विभाग आम्हाला चिडवतो.

डबा खाताना म्हणाल्या, "तुझा आलेख हातात असला की मी निर्धास्त असते बघ." मी डबा झाकला.

बुधवार, १३ मार्च
आज त्यांनी खरा लेझर सत्तर वॅटवर चालवला. त्यांनी पाठवलेली मापं माझ्या आलेखाशी तंतोतंत जुळली! थरथरीचा मागमूस नाही. हुश्श! उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता.

गुरुवार, १४ मार्च
हुश्श कसलं! मन ऐकेना. दाबणं काढून टाकलं, तंतूचे आणि वेळेचे तुकडे दुपटीने बारीक केले, गणित पुन्हा सोडवलं. नुसते नखरे असते तर थरथर बदलली असती. तश्शीच आली, त्याच तालात. म्हणजे खरी! मग मापांत का नाही?

उद्या शंभर वॅट. सकाळी आधी त्यांना गाठते, सर काय वाटेल ते म्हणोत.

शुक्रवार, १५ मार्च
प्रयोग थांबवला. सगळं ऐकून नणंदबाई म्हणाल्या, "थरथर मलाही दिसली होती गं बुधवारी. तुझी रेघ सरळ — म्हटलं, माझंच मापक बिघडलं असेल. सरासरी काढून तीच तुला पाठवली."

मूळ मापं उघडली. थरथरीचं एकेक टोक क्षणभर हजार वॅटच्या वर. आणि बुधवारी नणंदबाई त्याच तंतूच्या तोंडाशी वाकून आरसा नीट बसवत होत्या.