तारेची नळी, नळीची तार

ती. पुंडलिकमामांस,
तनुजाचा प्रयोगशाळेतून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी तेल चोळतात का, की तुम्हीच पळून जाता? मागं भेटलो तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "पाच वर्षं झाली, कसली तार करतीस गं?" आज सवडीनं सांगते.

एक चकती असते, तिला बारीक छिद्रं. (इतकी बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो बसतील.) ती द्रावणात बुडवून वीज सोडली की छिद्रांत अर्धवाहक पदार्थ साचतो. मग चकती कॉस्टिक सोड्यात विरघळवायची. उरतात त्या तारा. माझ्या मात्र आतून पोकळ निघाल्या. दोन वर्षं नुसत्या नळ्या! आमचे मार्गदर्शक देवगिरे सर म्हणाले, "निसर्गाशी भांडू नये. विषय बदल." (सर कुणाशीच भांडत नाहीत.) अर्ज सात समित्या फिरला आणि आठ महिन्यांनी प्रबंधाच्या नावात 'तारा' जाऊन 'नळ्या' आल्या. त्याच आठवड्यात तारा उगवल्या. भरीव, ज्वारीच्या ताटांसारख्या उभ्या!

सर पांढरे पडले. "जुनेच फोटो लाव. तारा कुणाला दाखवू नको." मामा, लई रडू आलं. ज्या तारेसाठी पाच वर्षं घातली, तीच लपवायची? चिडून जुन्या वह्या काढल्या, तेव्हा उलगडलं. पदार्थ आधी छिद्राच्या भिंतीला धरतो, मग आत भरतो. आमचा जुना स्टॅबिलायझर चाळीस मिनिटांत तापून बंद पडायचा आणि आम्ही वहीत 'वाढ पूर्ण' लिहायचो. नवा आला, वीज टिकली, तार भरली. निसर्ग बिचारा निर्दोष!

समितीपुढं सर कोपरानं ढोसत असताना मी हे सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. "अहो देवगिरे, मुलगी मागाल ते काढून देतेय, नळी म्हणा नाहीतर तार. हाच तर शोध!" आता नाव 'तारा व नळ्या'. आणि सर सगळ्यांना सांगतात, जुना स्टॅबिलायझर त्यांनी मुद्दामच दुरुस्त केला नव्हता.

तुमची भाची,
तनुजा

ता. क. शुक्रवारी अकराला माझी खुली तोंडी परीक्षा आहे. श्रोते लागतात, आणि इथं कुणी फिरकत नाही. गावाकडून, कन्नडहून, जीपभर माणसं आणाल का? चहा-बिस्किटं आहेत. कळलं नाही तरी माना हलवा. सरही तेच करतात.

आणखी एक. दगडाबाई मावशींना "लग्न कधी?" असं तिथं विचारू देऊ नका. आमच्याच प्रयोगशाळेतल्या सार्थकच्या परीक्षेत त्याच्या आजोबांनी विचारलं. परीक्षकांनी "उत्तम प्रश्न" म्हणून लिहून घेतला आणि त्याला उत्तर आलं नाही.