शेजारच्या सीटचा पट्टा

३ मार्च, सोमवार

आज मी गाडी घेतली. हे वाक्य लिहूनच इतकं बरं वाटलं की खाली रेघ मारली.

या गावात येऊन आठवडा झाला. कवळ्या तयार करायच्या लॅबमधली नोकरी छान आहे. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासूनपुसून गुळगुळीत करायचे आणि कुणाशी बोलायचं नाही. तळमजल्यावर दोन खोल्या, बाजूला गाडीपुरती शेड. आणि दोन गल्ल्या पलीकडे महाशय राहतात, म्हणजे माझे माजी नवरोबा, त्यांच्या नवीबरोबर. लेकीला दर दुसऱ्या शनिवारी वडिलांकडे जायचं असतं, जवळ पडतं, असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे मला रोज त्याच्या डोळ्यांत खुपायचं आहे.

गाडी साठ वर्षांपूर्वीची, सायीच्या रंगाची, लांब नाकाची, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. अशाच गाडीचं चित्र महाशयांनी आमच्या झोपायच्या खोलीत लावलं होतं आणि मी अकरा वर्षं ते पुसत होते. ही गाडी विकायला आल्यापासून तो दर रविवारी गॅरेजमध्ये जाऊन नुसता बघून यायचा म्हणे. त्याचं कधी काही ठरतच नाही. मी सोमवारी गेले आणि घेऊन आले. मुळात ती पक्क्या छपराची होती. आधीच्या कुणी हौशी मालकाने छप्पर कापून घडीचं कापडी छत बसवून घेतलं, असं गॅरेजवाले म्हणाले.

छत उघडं टाकून, केस मोकळे सोडून त्याच्या घरावरून आले आणि दोनदा हॉर्न दिला. महाशय झाडांना पाणी घालत होते. पाइप हातात तसाच राहिला आणि पाणी स्वतःच्याच चपलांवर. आज मला गाढ झोप लागणार.

६ मार्च, गुरुवार

खारूताई गाडीवर फिदा आहे. खारूताई म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची. गोळ्या, बटणं, खडे, सगळं गालात नाहीतर खिशात साठवते म्हणून हे नाव. कुठलंही दार ती एकाच पद्धतीने वाजवते, तीन भरभर आणि एक सावकाश. आज बोनेटही तसंच वाजवून आत शिरायची परवानगी मागितली.

रोज सकाळी शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला सापडतो. सीट रिकामी आणि पट्टा घट्ट. खारूला रागावले तर ती रडवेली झाली, मी नाही केलं म्हणाली. आज वारा होता म्हणून छत लावून कामावर गेले. सिग्नलला थांबले तर डोक्यावर टकटक. पत्र्यावर कुणी बोटांची पेरं आपटावीत तशी. हात वर करून बघितलं. वर कापडच आहे.

८ मार्च, शनिवार

महाशय खारूला न्यायला आले. आधी गाडीवरून हात फिरवला, मग लेकीची आठवण झाली. एक चक्कर मारू का, असं अगदी पडेल आवाजात विचारलं. मी नाही म्हटलं. इतकं गोड 'नाही' मी आयुष्यात उच्चारलं नसेल.

तो गाडी आणि फाटक यांच्यामध्ये उभा होता. हँडब्रेक मी स्वतः ओढला होता, किल्ली माझ्या हातात होती. तरी गाडी सरकली आणि त्याचा गुडघा फाटकाला चेपला. आम्ही दोघांनी मिळून ढकलली तेव्हा कुठे सुटला. लंगडत गेला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, उलट पोटातून हसू येत होतं.

१२ मार्च, बुधवार

गॅरेजवाल्यांना गाठून खोदून खोदून विचारलं. शेवटी हातातला पान्हा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, छप्पर हौसेने नाही कापलं. तिला बाहेर काढायला कापलं."

एक जोडपं होतं. गाडी उलटली, छप्पर खाली दबलं. नवरा खिडकीतून बाहेर आला, अंगावर ओरखडासुद्धा नाही. लोक जमले तेव्हा त्याने सांगितलं की गाडीत मी एकटाच होतो, आत दुसरं कोणी नाही. लोक त्याला पाणी देत बसले. ती आतून पत्रा वाजवत होती. ते कुणाच्या कानावर जाऊन पत्रा कापेपर्यंत उशीर झाला.

त्यानंतर ज्या पुरुषांनी ही गाडी घेतली ते हातपाय मोडून घेऊन परत आले. बायकांना ती त्रास देत नाही म्हणून तुम्हाला दिली, असं गॅरेजवाले मान खाली घालून म्हणाले. गाडी परत घ्यायला तयार आहेत.

मी दिली नाही. तिची भीती वाटायच्या ऐवजी तिचा कळवळा आला. मी तिला शेजारीण म्हणते.

१५ मार्च, शनिवार

आज खारूला मैत्रिणीकडे सोडून एकटीच लांब गेले आणि शेजारणीला सगळं सांगितलं. मी हॉस्पिटलात आईच्या उशाशी बसले होते आणि इकडे महाशय नवीला सांगत होते की मी एकटा आहे, माझं कोणी नाही. दोन वर्षं सांगत होते. हे ऐकल्यावर वरची टकटक एकदम वाढली.

मग म्हटलं, तो तुझ्या हाती लागला तर सोडू नकोस. आणि त्याच्या शेजारी जी बसली असेल तिलाही सोडू नकोस. नवीचा चेहरा डोळ्यांसमोर होता म्हणून बोलले. दातओठ खाऊन बोलले.

टकटक थांबली. पट्टा आपोआप सुटला.

१८ मार्च, मंगळवार

महाशयांचा फोन. गुडघा बरा आहे, एक दिवस गाडी मिळेल का. शुक्रवारी घेऊन जा म्हटलं. नवीलाही ने, तिला आवडेल. माझा आवाज अगदी मधासारखा निघाला. शुक्रवारी खारू शाळेत असते. मी सगळा विचार केला आहे.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळ

किल्ली दिली. छत उघडून, शीळ घालत गेला. नवी कामावर गेलीय, एकटाच फिरतो म्हणाला. असू दे, एकटा तर एकटा.

दुपार

शाळेतून फोन आला. खारूचा डबा वर्गात राहिलाय, न्यायला या. तिला का नाही दिला विचारलं. तर बाई म्हणाल्या, तिचे बाबा मधल्या सुट्टीतच घेऊन गेले की. नव्या गाडीतून.

दोनच सीट आहेत.

नंतर

त्याने फोन उचलला. ओरडत होता. ब्रेक लागत नाही, छत आपोआप बंद झालं, खारूचा पट्टा सुटत नाही. मागे टकटक ऐकू आली. मग फोन बंद.

पोलिसांना सांगितलं. घरीच थांबा म्हणाले, फोनजवळ बसा. बसलेय. बायकांना ती त्रास देत नाही. गॅरेजवाले म्हणाले होते. पण मीच तर तिला—

शेजारणी, हे वाचत असशील तर ऐक. ती नवी नाही. ती माझी आहे. मी रागात बोलले. त्यालाही सोड, मला काही नको, त्यालाही—

गाडी थांबली असावी. कुठेतरी काहीतरी थांबलं. बाहेरचा रस्ता एकदम शांत झाला.

टकटक. वरून. या खोलीला स्लॅब आहे, आवाज मात्र पत्र्याचा. ही शेजारीण नव्हे, तिचा हात जड. हा लहान हात आहे—

तीन भरभर. एक सावकाश.

खारू, आले मी, कुठे आहेस, आई आली—

पुन्हा. तीन भरभर—