कैलासवासी झुंबरबाईंची साक्ष

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, आधार लोटन देसले, वय एकोणसत्तर, राहणार जुने धुळे, धंदा साप्ताहिक 'पांझरेची हाक'चा संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि पोस्टमन रजेवर असल्यास वाटपवालाही.

कारणे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल काही विचारत नाही, असं वना आप्पा वकील म्हणतात. हा कागद राजीखुशीने लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही, असंही लिहावं लागतं म्हणून लिहितो. खरं म्हणजे एका बाईच्या दबावाखाली लिहीत आहे आणि तिचा दबाव रास्त आहे. वना आप्पांनी मसुद्यातली माझी जी वाक्यं खोडली, ती मी परत घातली आहेत. शाईच्या रंगावरून ओळखावीत.

कलम १. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. दुसऱ्यांची मरणं मात्र चाळीस वर्षं छापली. काळी चौकट, मधे फोटोचा ठसा, खाली 'मनमिळाऊ स्वभावाचे होते'. जे मनमिळाऊ नव्हते त्यांच्याही खाली तेच, कारण तेवढा मजकूर आम्ही जुळवून, सुतळीने बांधूनच ठेवलेला असे. या सगळ्या मरणांत एक खोटं निघालं. एप्रिल १९८७च्या अंकात मी छापलं की, हळदीची आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, अहिराणी गाणी गाणाऱ्या, साक्रीच्या झुंबरबाई सोनवणे बोदवडजवळ जीप उलटून वारल्या. झुंबरबाई या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात डाळ निवडत बसल्या आहेत. वयाने लहान असल्या तरी मी त्यांना अक्का म्हणतो. त्या मला भाऊ म्हणतात आणि अरेतुरे करतात. हा सगळा कागद त्या एका बातमीमुळे लिहावा लागतो आहे.

कलम २. छापखान्यातलं ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, सगळ्या केस, जुळवलेला मजकूर ठेवायच्या गॅल्या आणि शाईचे डबे चिंधा अभिमन बागूल यांना द्यावेत. चिंधा माझ्याकडे एकतीस वर्षं कंपोजिंग करतो आहे. त्याला हे का द्यायचं, ते लिहितो.

जळगावला भिकनशेठ नावाचे गृहस्थ आहेत. त्यांची 'मंजुळ कॅसेट' ही कंपनी. १९८६ साली त्यांनी अक्कांची गाणी सरकीच्या गोदामात, भिंतींना गोधड्या टांगून रेकॉर्ड केली. कव्हरवर अक्कांचं नाव नव्हतं. एका कॅलेंडरवरच्या बाईचा फोटो होता आणि ती बाई खान्देशातलीही नव्हती. त्या लग्नसराईत असा एक मांडव राहिला नाही जिथे ती कॅसेट वाजली नाही. दुसऱ्या कॅसेटच्या वेळी अक्का म्हणाल्या, "औंदा मन्हं नाव टाकशी तवयच गासू." भिकनशेठांनी शब्द पाळला. अक्कांना न गाऊ देताच गोदामातल्या उरलेल्या टेपा काढल्या आणि कव्हरवर नाव टाकलं. फक्त आधी 'कै.' लावलं. मेलेल्या बाईची कॅसेट जास्त खपते, हा त्यांचा अभ्यास.

ती श्रद्धांजलीची कव्हरं माझ्याच छापखान्यात छापली. मंगळवारी छापली. अक्का वारल्याची बातमी भिकनशेठांनी मला गुरुवारी फोनवर सांगितली, हुंदके देत. बातमी जुळवताना चिंधाचा हात थांबला. म्हणाला, "आबा, कव्हर पहिले उनं, मरन मंग उनं. हाई कसं?"

मी म्हणालो, "तू खिळे जुळव."

मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण वर्षभराचं कव्हरांचं काम भिकनशेठांकडून मिळणार होतं, आणि शंका घ्यायला उद्याचा दिवस होताच. त्या दिवशी माझ्या कचेरीत पत्रकार एकच होता आणि तो पत्रकार चिंधा होता. म्हणून छापखाना त्याचा. खिळे वितळवून शिसं विकू नये, एवढीच विनंती.

कलम ३. भिकनशेठांना, माझ्याकडे उरलेल्या त्या कव्हरांपैकी एक कोरं करकरीत कव्हर रजिस्टर पोस्टाने पाठवावं. 'कै.' तसंच ठेवून त्यांनी पुढचं नाव बदलून घ्यावं आणि योग्य वेळी वापरावं. माझी घाई नाही.

त्यांच्याबद्दल आणखी एक नोंद करून ठेवतो, कारण दुसरं कोणी करणार नाही. बातमी छापून आल्यावर अक्का तक्रार द्यायला पोलीस चौकीत गेल्या. हवालदाराने अंक वाचला, अक्कांकडे पाहिलं आणि सांगितलं, "मयताचा वारस आणा, मग तक्रार घेतो." लग्नाची बोलावणी बंद झाली, हळदीला मेलेल्या बाईला कोण बोलावणार? जिथे बोलावलं तिथे लोक म्हणायचे, कैलासवासी झुंबरबाईंची नक्कल ही बाई बरी करते. मग १९९२ साली भिकनशेठांनी जळगावात 'कै. झुंबरबाई स्मृती गायन स्पर्धा' ठेवली. अक्का गेल्या. खरं नाव सांगितलं तर टेबलावरचा माणूस रागावला, मेलेल्या माणसाची चेष्टा करू नका म्हणाला. तेव्हा दुसरं नाव लावून गायल्या आणि तिसऱ्या आल्या. पहिला नंबर भिकनशेठांच्या पुतणीचा. तिसऱ्या नंबरचं पितळी मानचिन्ह अक्कांनी मला आणून दिलं आणि आम्ही दोघं पोटात दुखेपर्यंत हसलो. नंतर अक्कांनी पदराने डोळे पुसले. ते मानचिन्ह कपाटात वरच्या खणात आहे. ते माझं नाही, ज्यांचं त्यांना जावं.

कलम ४. माझी पत्नी कमलबाई १९९३ साली वारली. तिच्या मागे राहिलेलं, पुरणपोळी भाजायचं मातीचं खापर पुतण्या भटूची बायको सुमनबाई हिला द्यावं. हातावर पोळी मोठी करून खापरावर टाकण्याची हातोटी ती अक्कांकडून शिकली आहे. हे खापर घरात का महत्त्वाचं, हे तिला माहीत आहे, भटूसाठी लिहितो.

आखाजीला आपल्याकडे दोन प्रकारची माणसं घरी येतात. एक मेलेली, त्यांच्या नावाने घागर भरून ताट वाढतात. दुसऱ्या सासरी गेलेल्या लेकी, झोके खेळायला आणि गाणी म्हणायला. १९८७च्या आखाजीला अक्का नेहमीसारख्या पिंपळनेरला भावाकडे गेल्या. भाऊ तोताराम माझ्या अंकाचा वर्गणीदार. ओट्यावर नवी घागर भरलेली, तिच्यावर खरबूज ठेवलेलं, आणि तोताराम विस्तवावर घास टाकत बहिणीचं नाव घेत होता. बहीण पिशवी घेऊन दारात उभी. बायका ओरडल्या. तोताराम आधी घाबरला, मग रडला, आणि मग त्याच्या घरात जे वडीलधारे होते त्यांनी त्याला बजावलं. शेवटी तो म्हणाला, "तुन्ही घागर भराई गयी. आते घरमा कसं लेवो तुले? पेपरमा बी उनं शे."

अक्कांना मूलबाळ नाही, नवराही तोवर गेलेला. माहेर तेवढं होतं. तेही माझ्या अंकाने बंद केलं. अक्का तिथून एस.टी.ने तडक धुळ्याला आल्या आणि भर उन्हात माझ्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडेही माझ्या आईवडिलांची घागर भरलेली होती, विस्तवापुढे ताट मांडलेलं होतं. कमलबाईने दार उघडलं. अक्का म्हणाल्या, "पेपरवाला कोठे शे? तेनी माले मारी टाकं. आते जेवाले बी तोच घाली."

मी आतल्या खोलीत लपलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण कागद खरा असावा.

कमलबाईने त्यांचा चेहरा ओळखला. काळ्या चौकटीतला ठसा तिने पाहिला होता. तिने विस्तवापुढचं ताट उचललं आणि अक्कांपुढे ठेवलं. म्हणाली, "मेलं मानूस म्हनीसन नको जेवू, बहीन. लेक म्हनीसन जेव." अक्का जेवल्या. मग चार महिने कमलबाई माझ्याशी बोलली नाही. तिचं काय म्हणणं आहे ते मला अक्कांच्या पत्रातून कळायचं. तेव्हापासून दर आखाजीला अक्का आमच्याकडे येतात. परवाची दहावी.

कलम ५. राहतं घर, मागच्या अंगणातल्या निंबासह, पुतण्या भटू आणि सुमनबाई या दोघांच्या नावे करतो. भटूने जळगावला ऑफसेट टाकलं आहे, हे घर मोडून दुकानगाळे काढायचा त्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. गाळे काढ बाबा, पण मागचं स्वयंपाकघर आणि निंब राहू दे. निंबाला झोका बांधायचा असतो.

अट एकच. आखाजीला दार उघडं ठेवायचं. झुंबरअक्का येतील. त्यांना पाहुणी म्हणायचं नाही, लेक म्हणायचं. निघताना चोळीचा खण द्यायचा आणि एस.टी.त बसवून यायचं. वना आप्पांनी ही अट खोडली होती, ती कोर्टात टिकणार नाही म्हणून. ती कोर्टासाठी लिहिलेलीच नाही. भटू विसरेल. सुमनबाई, तू विसरू नकोस.

परवा जेवण झाल्यावर अक्का हात धुताना म्हणाल्या, "भाऊ, तू गया का मन्हं माहेर दुसरी बारी जाई. मंग मी कोठे जासू?" काल रविवार गेला. आज सोमवारी सकाळी वना आप्पांना बोलावून घेतलं.

कलम ६. झुंबरबाई सोनवणे यांना मी काहीही देत नाही. हे वाचून कोणी मला नतद्रष्ट म्हणू नये. वना आप्पा सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे उगाच वाद निघतो. आणि मला या कागदावर साक्षीदार म्हणून अक्काच हव्यात. साक्षीदार जिवंत असावा लागतो, हे कायद्यालाही मान्य आहे. अंकात मी त्यांना मारलं. निदान स्टॅम्पपेपरवर तरी त्या जिवंत असाव्यात. आता वना आप्पा विचारतात, पाचव्या कलमातलं माहेर हे देणं नाही का? माहेर कोणी देत नसतं, आप्पा. ते असतं, किंवा कोणीतरी हिसकावून घेतलेलं असतं. मानचिन्हही त्यांचंच आहे.

कलम ७. मी मेल्यावर 'पांझरेची हाक'च्या पहिल्या पानावर माझी निधनवार्ता छापू नये. त्या जागेत, काळ्या चौकटीशिवाय, अक्कांचा फोटो आणि खालील खुलासा छापावा:

'झुंबरबाई सोनवणे हयात आहेत. एप्रिल १९८७च्या अंकातली त्यांच्या निधनाची बातमी खोटी होती. संपादकाला शंका आली होती. काम हातचं जाईल म्हणून त्याने विचारलं नाही. 'मंजुळ'च्या दोन्ही कॅसेटमधला आवाज त्यांचा आहे. त्या आजही गातात.'

हे इतकी वर्षं का छापलं नाही, त्याला चांगलं कारण नाही. अंकाच्या नावाखाली 'खोट्याला येथे जागा नाही' असं वाक्य आहे. खुलासा छापायचा तर आधी ते काढावं लागलं असतं. कमलबाईने जाताना माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. मी हो म्हणालो. त्याला तीन वर्षं झाली. लोक हसतील, एवढीच भीती होती.

कलम ८. (हे कलम वकिलांच्या मसुद्यात नाही. आज दुपारी जादा लिहिलं.)

सह्यांसाठी अक्कांना बाहेर बोलावलं. वना आप्पांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. खापराच्या कलमाला अक्का मान हलवत होत्या. सातव्या कलमाला त्यांनी हात वर करून आप्पांना थांबवलं.

"तू मरशी तवय छापशी?"

मी म्हणालो, "हो, अक्का."

"मेला मानूसनी माफी माले काय कामनी? नऊ वरीस मी मेली व्हतू, माले म्हाईत शे. मेलास्नं कोनी आयकत नही, भाऊ. आज छाप."

चिंधा दारातच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ आत गेला आणि केससमोर बसला. गुरुवारच्या अंकाची वाट न पाहता एक पानी जादा अंक काढला. 'खोट्याला येथे जागा नाही' ही ओळ त्याने मला न विचारता काढून ठेवली. मी सुट्टे खिळे त्याच्या हाती देत होतो. पहिला कागद ओला होता, अक्कांनी तो दोन्ही हातांनी धरला, सगळा वाचला, आणि फोटो जुना आहे एवढंच म्हणाल्या. मग रडल्या. मीही रडलो. एक प्रत पिंपळनेरला तोतारामच्या नावे आजच्याच टपालाने टाकली आहे.

सबब कलम ७ रद्द समजावं. ते काम जिवंतपणी उरकलं. माझ्या निधनवार्तेत काय लिहायचं ते चिंधाने ठरवावं. फक्त 'मनमिळाऊ' नको, तो मजकूर सोडवून खिळे केसमध्ये परत टाकावेत.

येणेप्रमाणे मृत्युपत्र वाचून, ऐकून आणि थोडं रडून लिहून ठेवलं.

ठिकाण: धुळे
दिनांक: २२ एप्रिल १९९६, सोमवार

(सही) आधार लोटन देसले

साक्षीदार:

१. (सही) वना आप्पा वकील, राहणार धुळे. खोडलेली वाक्यं परत घातल्याचं मी पाहिलं. माझी हरकत नाही.

२. (सही) झुंबरबाई सोनवणे, वय अठ्ठावन्न, धंदा गाणं, राहणार साक्री, माहेर जुने धुळे. मी सोता उनू, सोता सही करी. मी जित्ती शे. पुढली आखाजीले येसू, भाऊनी बी जित्तं ऱ्हावं.