पावसाचा फोटो तेवढा राहिला

११ जाने., शनि.
मदाम गावाच्या पुढच्या वाळवंटी माळावर सहाला पोचले. धुकं मिळालं, आणि काय मिळालं! घाफचं झाड कमरेपर्यंत बुडालेलं, मागचे डोंगर गायब. चौदा फोटो, त्यातले दोन एकदम पक्के. इतकं नेमकं काम इथं दुसरं कोणी करत असेल असं वाटत नाही. वही माझीच आहे, लिहायला काय जातं.

सहावा हिवाळा. तीन दगड मांडून ठेवलेत, त्यांच्यामध्येच ट्रायपॉड. तीच उंची, तीच लेन्स. ऊन, धूळ, धुकं, पावसानंतरची हिरवळ, सगळं जमलंय. पडता पाऊस तेवढा नाही. वर्षातून दोन-तीनदा येणार, तोही मी सिलिकॉन ओएसिसच्या ऑफिसात मीटिंगला बसलेली असताना. २८ मार्चला आम्ही कायमचे पुण्याला. तेव्हा काय तो याच हिवाळ्यात.

१८ जाने., शनि.
खानसाहेबांना तिळाच्या वड्या दिल्या. माळाच्या कडेला उंट सांभाळतात, पेशावरकडचे, साठीचे. मला बाजी, म्हणजे ताई म्हणतात, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. आज नंबर घेतला. ठरलं असं की ढग दिसले की सकाळी मी फोन करायचा, ते तिथली परिस्थिती सांगणार, मी रजा टाकून निघणार. पन्नास मिनिटांचा रस्ता. यापेक्षा चोख बंदोबस्त काय असतो?

२८ जाने., मंगळ.
सकाळी इथं ढगाळ. साडेसहाला फोन. विचारलं, "खानसाहब, उधर हवा कैसी है?"
"हवा बिलकुल नहीं है, बाजी. सब ठीक."
मग काय, गेले ऑफिसला. उगाच रजा कशाला वाया घालवा.

१ फेब्रु., शनि.
लिहवत नाहीये, पण लिहिते.

माळ काळा पडलेला. खळग्यांत पाणी. उंटांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. खानसाहेब मलाच रागावले, मंगळवारी का आला नाहीत म्हणून. सकाळी सहापासून दहापर्यंत सरळ धार लागली होती. मी म्हटलं, अहो, मी विचारलं होतं की!

तर म्हणाले, "आप हवा पूछा, हम हवा बोला. हवा तो नहीं था. बारिश था."

सोळा वर्षं या आखाती देशात हिंदी फाडतेय. हवा कशी आहे म्हणजे ऊन की पाऊस, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. त्यांच्याकडे हवा म्हणजे वारा, बस्स. त्यांनी खरं तेच सांगितलं. माझ्या मराठीनं माझा पाऊस घालवला.

घरी नवऱ्याला आणि लेकीला सांगितलं. सुहास हसू दाबायला स्वयंपाकघरात गेला. ईरा म्हणाली, "आई, जस्ट से मौसम." आठवीतली पोरगी. धारेचे चार तास! रडले, हो. बाथरूममध्ये, नळ सोडून.

१५ फेब्रु., शनि.
हिरवं! बोटभर गवत, लांबून रंग, जवळ गेलं की विरळ. उन्हाचा एक पट्टा झाडावर थांबला आणि मी तयार होते. सहा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो, यात शंकाच नाही. घरी येईपर्यंत गाणं म्हणत आले.

सुहासचं म्हणणं, पाऊस पुण्यात हवा तेवढा काढ. त्याला सांगितलं, पुण्याच्या पावसाला मी ओळखते, तो माझ्या फोटोसाठी थोडाच अडलाय. ईरानं फोनमध्ये धुक्याच्या फोटोवर दोन मिनिटांत पाऊस पाडून दाखवला. छान दिसत होता. तिच्यासमोरच डिलीट करायला लावला.

८ मार्च, शनि.
धुळीचं वादळ. झाड आहे की नाही कळेना. सात फोटो, तीन कामाचे. धुळीत माझा हात धरणारं कोणी नाही. खानसाहेबांचे रोजे चालू, म्हणून चहा नाही. त्यांच्यासमोर मीही पाणी प्यायले नाही. आता फोनवर मी सरळ "बारिश?" एवढंच विचारते.

२२ मार्च, शनि.
पॅकर्स येऊन गेले. खोके भरले, घरात आवाज घुमतो. कॅमेऱ्याची बॅग मी पायाशी धरून बसले होते, त्यांनी दोनदा उचलायचा प्रयत्न केला. आकाश कोरडं ठाक.

२६ मार्च, बुध.
गाडीत बसून लिहितेय. दुपारचे साडेतीन. परवा विमान.

खानसाहेबांनीच फोन केला होता. मी ऑफिसातला निरोपाचा केक अर्धा टाकून आले. डोंगरावर पाऊस पडतोय, करडा पडदा स्पष्ट दिसतो. इथून दहा किलोमीटर. माळावर थेंब नाही. ट्रायपॉड लावून दीड तास झाला.

खानसाहेब उपाशीपोटी खिडकीशी उभे. म्हणाले, "गाडी निकालो बाजी, दस मिनट में उधर बारिश है. फोटो तो फोटो है."

म्हटलं, नाही, तो दुसरा माळ आहे. मान हलवली त्यांनी, आणि मग माझ्याबरोबर डोंगराकडे बघत राहिले. इफ्तारची तयारी करायची होती त्यांना, पण गेले नाहीत.

मला हा माळ सोडून जायचं नाहीये. आजवर हे सुहासला सांगितलं नाही, वहीतही नाही. मला वाटत होतं एक फोटो राहिलाय.

सुहासचा फोन येऊन गेला, किती वेळ लागेल म्हणून. माहीत नाही म्हटलं. म्हणाला, थांब तू, जेवणाचं मी बघतो. जवळचा डोंगर मघाशी दिसत होता, आता तोही पडद्याआड गेला. वही ठेवते, लेन्स पुसायची आहे.