बांध आमी न्हाई, पंजानं फोडला

सौ. कोंडाबाईस थोरल्या जावेचा आशीर्वाद.

मी कोण ते आठवत असंल तर पुढं वाचून घे. न्हाई आठवत असलं तरी वाचून घे, कारण तू तुझी कवळी हितंच इसरून गेलीस आणि भूगावला ताटावर बसेपर्यंत तुला पत्ता नव्हता. भावजींचा गुडघा कसा हाय? सातव्या मजल्यावर वारं बाधत न्हाई ना? हितं सगळी खुशाल. फोनच केला असता, पर फोनवर तू मधी बोलतीस. लिहून घेतीया आमची नात राजनंदिनी (अक्षर चांगलं हाय, पर मी सांगते त्यातलं निम्मं गाळती, शिव्या बहुतेक).

तर माझ्या जालिंदरानं छोट्या ट्रॅक्टरला मागं खोदायचा पंजा जोडून आणला. पोरं त्याला छोटा जेसीबी म्हणत्यात. त्यानं चर मारून ओढ्याचं पाणी माझ्या वरच्या खाचरात आणलं. खाचर भरलं, लावणीच्या बाया भाताचं रोप घेऊन उभ्या राहिल्या, तेवढ्यात ह्याला बांधालगतचा कोपरा नीट करायची हौस आली. पंजा चालवायच्या आधी ट्रॅक्टरच्या दोन्ही अंगाचे लोखंडी पाय भुईला टेकवायचे असत्यात. ह्यानं टेकवले न्हाईत. मी म्हटलं, आरं, कोंबडीसुदा उकरायच्या आधी पाय रोवती! तर म्हणतो, आये, तू गप, मी मोबाइलवर बघितलंय. पंजानं माती धरली, आणि माती ट्रॅक्टरकडं यायची ती सोडून ट्रॅक्टरच मातीकडं निघाला. पुढची चाकं बाभळीच्या शेंगा खाणाऱ्या शेळीवानी वर! जालिंदर वरडला, "पुढं वजन टाका!" आणि सगळ्या बाया माझ्याकडं बघाय लागल्या. (एकीलाबी मी सोडणार न्हाई.) मी पदर खोचून निघाले, पर पोचायच्या आत ट्रॅक्टर बांध फोडून मागच्या मागं तुझ्या खालच्या खाचरात उतरला, आणि त्याच्यामागनं माझं सगळं पाणी.

आता बांध घालून पुन्हा पाणी भरायचं म्हणजे आठ दिस. रोप महिन्याचं झालंय, आठ दिस थांबलं तर भात न्हाई, नुसता पेंढा. घरचा वर्षाचा तांदूळ त्याच्यावर हाय. आणि तू जाताना हात नाचवून सांगितलंस, माझं खाचर पडीक राहिलं तरी चालंल, पर कुणी पाय ठेवायचा न्हाई. म्हणून इचारते, तुझ्या खाचरात लावणी करू का? नीट इचार करून सावकाश कळव.

तुझी थोरली जाऊ,
बायडाबाई

ता.क. लावणी झाली. बाया हजर होत्या, पाणी हजर होतं, तू तेवढी नव्हतीस. पहिला पाय ट्रॅक्टरनं ठेवला, त्याला तुझा हुकूम ठावा नव्हता. तो अजून रुतलेलाच हाय, भोवतीनं लावून घेतलं. निम्मा तांदूळ तुझा.

दुसरा ता.क. व्हय म्हणायचं असंल तर भूगावच्या बाजारातनं सुके बोंबील धाड, लावणीच्या बायांना जेवण कबूल केलंय. न्हाई म्हणायचं असंल तर दुप्पट धाड, रोप उपटायला त्याच बाया पुन्हा बोलवाव्या लागत्याल.