सुरेखाचा तांब्या आणि माझी फाईल

४ मार्च
अकरावा अर्ज देऊन आले. विषय तोच: उचगावातल्या आमच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी. पोच घेतली. क्लार्क म्हणाला, "बाई, अक्षर लई झ्याक हाय तुमचं." अर्ज वाचला का, विचारलं तर हसला. दोन वर्षं झाली. कौतुक फक्त अक्षराचं.

९ मार्च
पाणीपुरवठ्याचे साहेब कधी नव्हे ते गल्लीत. मी फाईल काढून चष्मा शोधेपर्यंत समोरची सुरेखा, दूधवाली, नळाचं पाणी तांब्यात भरून त्यांच्यापुढं उभी. "पावणं, उनातनं आलाय. आदी पाणी घ्या की!" साहेबांनी तांब्यात बघितलं, हात मागं घेतला. "दारात आलेल्या पावण्याला पाणी देतोय आमी. न्हाय कसं म्हणतासा?" तिच्या पुतणीनं मोबाईलवर सगळं टिपलं.
हे मला का सुचू नये?

११ मार्च
व्हिडिओ सगळीकडे. कळंब्याहून बहिणीचा फोन. "तुमच्या गल्लीतली ती बाई काय भारी बोलते गं!" हो, बोलते, म्हटलं.
सु. माझीच विद्यार्थिनी. 'हाय' नको, 'आहे' म्हण, हे सातवीत शंभरदा बजावलेलं. आता तेच 'हाय' जिल्हाभर ऐकतायत. व्हिडिओ चारदा पाहिला. मी मागं आहे, अर्धी, फाईलसकट.
जळते मी तिच्यावर. लिहूनच टाकते.

१४ मार्च
टँकर आला. सु.च्या नावानं टाळ्या. मी बादली घेऊन गेलेच नाही. दुपारी निमूट गेले, तोवर टँकरचा तळ दिसत होता.

१७ मार्च
साहेब पेपरात म्हणतात, या गल्लीची लेखी तक्रार कधी आलीच नाही, सगळी स्टंटबाजी. सु. धावत आली. "बाई, तुमच्या अर्जांची फाईल द्या की. परवा साहेबांपुढं सुनावणी हाय." शोधावी लागेल, म्हटलं. फाईल टेबलावर होती, पेपराखाली.
पासष्टीला आले आणि विद्यार्थिनीशी खोटं. का, तर माझे अर्ज हातात घेऊन ती उभी राहणार आणि लोक पुन्हा तिलाच...

१८ मार्च
सु.ची सून काविळीनं दवाखान्यात. सातवा महिना. काल फाईल मागताना सु. यातलं अवाक्षर बोलली नव्हती. शेजारणीकडून कळलं. लाज वाटली. फाईल घेऊन गेले. "सापडली."
ती म्हणाली, "उद्या तुमीच बोला, बाई. मला निस्तं वरडाय येतंय. कवा काय लिवलं ते तुमास्नीच ठावं."
हेच तर हवं होतं मला. रात्री अकराही अर्ज आरशापुढं मोठ्यानं वाचून पाहिले.

१९ मार्च
उभी राहिले. "उपरोक्त विषयास अनुसरून..." दुसऱ्या वाक्याला साहेब मोबाईलमध्ये. मागून कुणीतरी, "ओ बाई, मोठ्यांदा!" सु.कडे पाहिलं. तिनं एका वाक्यात साहेबांना जागेवर आणलं असतं. पण माझा मान राखायला गप्प बसली. तिला खुणावता आलं असतं. नाही खुणावलं. अकराही अर्ज वाचले, पोचेच्या शिक्क्यांसकट.
"तपासून कळवतो. पंधरा दिवसांनी या."
बाहेर सु. म्हणाली, "लई भारी बोललासा, बाई." आणि तशीच दवाखान्यात गेली.

२० मार्च
सून तशीच. नळाचं पाणीही तसंच, वास वाढलाय. पुढच्या वेळी तू बोल, एवढंच तिला सांगायचंय. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले.