खुंटीवरचा दुसरा बिल्ला

प्रिय आई,

तुला सलाम, आणि घरातल्या सगळ्यांवर प्रभूची कृपा असो. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी फोन करते का?

आता ऐक, पण घाबरू नकोस. आमच्या शीतगृहात शिरताना प्रत्येकाने आपला नंबर असलेला पत्र्याचा बिल्ला दाराबाहेरच्या खुंटीवर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. खुंट्या रिकाम्या दिसल्या की मुकादम कुलूप लावतो. मंगळवारी मी बिल्ला काढून खिशात टाकला आणि विसरलेले हातमोजे आणायला परत आत गेलो. तेवढ्यात कुलूप लागलं.

ओरडून ओरडून घसा बसला. बाबा गेल्यापासून मी प्रार्थना सोडली होती, तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी मात्र त्यांचीच प्रार्थना तोंडात आली. ती संपली, तसं पेट्यांमागून कोणीतरी सावकाश 'आमेन' म्हणालं. आवाज बाबांचा नव्हता.

मग दार उघडलं. मुकादम म्हणाला, "खुंटीवर एक बिल्ला राहिलेला दिसला, म्हणून परत आलो." माझा तर खिशातच होता. खुंटीवरच्या बिल्ल्यावर नंबरच नव्हता.

दोन बोटं अजून बधिर आहेत, बाकी काही नाही. रविवारी चर्चला जाऊन आलो.

तो बिल्ला कोणाचा, कोणालाच माहीत नाही. हल्ली सकाळी सगळ्यांत आधी मीच येतो. माझा बिल्ला अडकवायला हात वर करतो, तर तो बिननंबरचा बिल्ला शेजारी आधीच लटकत असतो.

म्हणजे आत कोणीतरी माझ्याआधी गेलेलं असतं. आई, म्हणूनच मी न भिता आत जातो.

तुझ्या प्रार्थनेतला,
थोरला